बेज की ब्लू?

रविवार, सकाळचे साडेअकरा. डहाणू रोड ईस्ट, दुसरा मजला, वन बीएचके. जमिनीवर जुने पेपर पसरलेले, हवेत पुट्टीचा वास, खिडकीच्या कठड्यावर चहाचे ४ कागदी कप. हॉलच्या मधोमध उलट्या केलेल्या बालदीवर माझी मैत्रीण बसलेली, तोंड खिडकीकडे. तिचा नवरा बाल्कनीत उभा, तोंड रस्त्याकडे. आणि दोघांच्या मधे शेडकार्डाचा पंखा हातात धरून रंगारीकाका.

'ताई, तुम्ही तरी सांगा आता,' काका मला बघून म्हणाले. 'परवापासून दोन पोरं बसवून ठेवलीत मी. त्यांचा रोज कोण देणार?'

तर मॅटर असं होतं. हिला हवा होता बेज, त्याला हवा होता ब्लू. बस, एवढंच. लग्नाला दीड वर्ष झालंय. लग्न कुठल्या पद्धतीनं करायचं, हनिमूनला कुठे जायचं, कुणाच्या पगारातून ईएमआय जायचा, असले डेंजर प्रश्न या दोघांनी हसत हसत सोडवले होते. अडले ते शेडकार्डावर. दोघांची खरी नावं मी लिहिणार नाही, नाहीतर पुढच्या वेळी चहा मिळायचा नाही. तिला बेजबाई म्हणू, त्याला निळोबा.

बेजबाई डोंबिवलीची. अंधेरीला एचआरमध्ये आहे, आठवड्यातून ३ दिवस ऑफिस, बाकी घरून काम. निळोबा तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, बोईसरला एमआयडीसीतल्या कंपनीत लॅबमध्ये. घर डहाणूलाच का? कारण तिचं डोंबिवलीतलं बजेट ऐकून एजंट सहानुभूतीनं हसायचे. शिवाय २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत आली, त्याच्या पुढच्याच वर्षी पालघर हा वेगळा जिल्हा झाला, आणि 'डहाणूला कोण राहायला जातं?' हा प्रश्न विचारणारे हळूहळू कमी झाले. त्याला बोईसर जवळ, त्याचे आईवडील जवळ. तिला प्रवास लांब पडतो, पण बसायला जागा मिळते. विरार-डहाणूचं अंतर ६० किलोमीटरच्या वर आहे, तेवढ्यात तिची एक अख्खी वेबसीरिज संपते. फ्लॅट रीसेलचा, कर्ज २० वर्षांचं. २० वर्षं ज्या भिंतींचे हप्ते भरायचे, त्यांचा रंग आपल्या मनासारखा असावा असं वाटण्यात दोघांचीही काही चूक नाही ना?

आधी बाईंची बाजू ऐका. तिच्या मोबाइलमध्ये 'घर' नावाचा फोल्डर आहे आणि त्यात शेकडो फोटो. सगळ्या फोटोंत एकच खोली आहे असं मला वाटलं, पण तसं म्हणायची सोय नव्हती. ओटमील, सँड, बिस्किट, मशरूम. सगळं खाण्याचंच वाटतं, पण हे रंग आहेत. 'वॉर्म न्यूट्रल यार! काहीही ठेव, मॅच होतं. दमून घरी आलं की मिठीत घेतल्यासारखं वाटतं.' पुरावा म्हणून तिनं पँटोन ही रंगांचे नंबर ठरवणारी अमेरिकन कंपनी पुढे केली. या कंपनीनं २०२५ सालचा रंग म्हणून मोका मूस निवडला होता, म्हणजे मऊ चॉकलेटी. मी तिला आठवण करून दिली, की याच कंपनीनं २०२० साली क्लासिक ब्लू निवडला होता आणि ही प्रथा सुरू केली तीही २००० सालासाठी निवडलेल्या सेरुलियन नावाच्या आकाशी निळ्यानं. ती गप्प. निळोबा बाल्कनीतून पहिल्यांदा आत बघून हसला. बॉस, फॅशनच्या कोर्टात दोन्ही बाजूंना साक्षीदार मिळतात. तिथे जायचंच नाही.

आता त्याची बाजू. 'निळा.' संपलं. कुठला निळा? 'आकाशी. साधा.' फोटो? नाहीत. का? 'आवडतो.' मुलं अशीच असतात. बेजबाईचं म्हणणं, आकाशी म्हणजे सरकारी दवाखाना. तसं बघितलं तर तिचं अगदीच चूक नाही. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या आजीचं घर आकाशी डिस्टेंपरचं होतं. वर आकाशी, खाली कमरेपर्यंत गडद ऑइलपेंटचा पट्टा, म्हणजे डोक्याच्या तेलाचे डाग पडले तरी पुसता यावेत. चाळीत, शाळेत, पोस्टात, क्वार्टर्समध्ये तोच. त्याच्याही आधी चुन्यात नीळ कालवायचे. साधा चुना वाळल्यावर पिवळट दिसतो, तो पिवळेपणा मारायला चिमूटभर नीळ, अगदी पांढऱ्या शर्टाला लावतात तशीच. हात जरा सैल सुटला की घर निळं! निळ्याला आपल्याकडे आणखीही एक मोठा अर्थ आहे. १४ एप्रिलला कुठल्याही भीमनगरात जाऊन बघा, तिथे निळा रंग कुणी शेडकार्डावरून निवडलेला नसतो.

मला अंपायर म्हणून बोलावलं होतं, कारण कधीकाळी मी इंटिरिअरवर एक पुरवणी केली होती. त्या वेळी एका अनुभवी डिझायनरबाईंनी मला एक सवय लावली होती. शेडकार्ड उघडायच्या आधी खिडकी उघडायची. मी तेच केलं.

हॉलची खिडकी पूर्वेला, आणि खिडकीबाहेर चिकूची वाडी. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळालाय. शिवाय १९९१ मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला आणि इथल्या कारखान्यांवर बंधनं आली, म्हणून अजून एवढी झाडी खिडकीत दिसते. व्ह्यू म्हणून झक्कास. पण रंगाच्या दृष्टीनं? सकाळचं ऊन त्या गच्च पानांवर आपटून आत येतं आणि येताना हिरवी झाक घेऊन येतं. बेजबाईनं शेडकार्डाचं पान भिंतीला लावलं तर तिचा लाडका ओटमील चक्क आजारी दिसायला लागला. तिची चूक नव्हती, ओटमीलचीही नव्हती. बेज हा रंग दिसायला साधा, पण आतून भलताच राजकारणी असतो. त्याच्या पोटात कधी पिवळा असतो, कधी गुलाबी, कधी हिरवा, आणि बाजूला जो येईल त्याच्याशी तो जमवून घेतो. हिरव्या उजेडात हिरवट पोटाचा बेज घेतलात तर मेलात. तिथे किंचित गुलाबी किंवा पीच पोटाचा चालतो. पोट ओळखायची सोपी युक्ती आहे. शेडकार्डाचं पान कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा, पोट लगेच बाहेर येतं.

बेडरूमची खिडकी पश्चिमेला. समुद्र त्या बाजूलाच, पण दिसत नाही. मधे ४ इमारती आहेत. दुपारी ३ नंतर मात्र तिथून जे ऊन येतं ते डायरेक्ट तव्यावरचं. केशरी. त्या उन्हात पिवळट क्रीम भडक वाटतं आणि राखाडी निळा निवांत दिसतो. निळोबाला इथे पहिला पॉइंट मिळाला.

परदेशी मासिकं सांगतात की उत्तरेच्या खोलीला कधी ऊन लागत नाही, तिथे गरम रंग द्या. ते लंडनला ठीक, तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. डहाणू २० अंश अक्षांशाला जेमतेम टेकलेलं आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली, आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. त्यातले बरेच दिवस पावसाचे, हा भाग वेगळा. सांगायचं काय, तर ते नियम कॉपी-पेस्ट करू नका. आपल्याकडे निवड करताना जास्त विचार करायचा तो पावसाळ्याचा. ४ महिने बाहेर राखाडी आणि हिरवं, आत दिवसा ट्यूब लावावी लागते. थंड निळा रंग त्या ४ महिन्यांत सगळ्यात उदास दिसतो. बेजबाईचा पॉइंट.

आणि ट्यूबवरून आठवलं. या घरात सगळीकडे आधीच्या मालकांनी लावलेले पांढरेशुभ्र एलईडी होते. बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो कुणीही वाचत नाही. २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर वॉर्म, ४००० मधला, ६५०० म्हणजे निळसर पांढरा, ज्याला दुकानदार कूल डेलाइट म्हणतो. गंमत अशी की आकडा जेवढा जास्त तेवढा उजेड थंड दिसतो. आपल्या घरात बहुतेक वेळा ६५०० असतो, कारण लख्ख दिसतं. त्या उजेडात महागातला बेज मळका दिसतो आणि आकाशी निळा ऑपरेशन थिएटर. म्हणजे बेजबाईचा 'दवाखाना' निम्मा रंगातून आला होता आणि निम्मा बल्बमधून! मी खालच्या दुकानातून ३००० चा एक बल्ब आणला, पडदे ओढले, हॉलमध्ये लावला. निळ्याचं पान मऊ पडलं, थोडं धुरकट. ती उठून जवळ आली. 'हा तोच आहे?' तोच होता.

निळ्या खोलीत पंखा एक नंबर कमी लागतो, असं निळोबाचे ऑफिसमधले मित्र सांगतात. नाही लागत. निळं बघून थंड वाटतं हे खरं, थर्मामीटरला मात्र त्याचं काही नाही. निळ्या रंगानं डोकं जास्त चालतं हीसुद्धा एक फेमस थिअरी आहे. २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दोन संशोधकांनी लिहिलं होतं, लाल रंग बारकाव्याच्या कामाला बरा, निळा कल्पकतेला. जगभर त्याच्या बातम्या झाल्या. २०१४ मध्ये त्यातलाच एक प्रयोग पुन्हा करून पाहिला गेला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही, त्याच्या बातम्या कुणी केल्या नाहीत. तेव्हा वर्क फ्रॉम होमच्या कोपऱ्याला निळा लावून प्रमोशनची वाट बघू नका.

रंगारीकाकांचा फंडा वेगळाच. ते भिंतीला हात लावून बोलतात. 'रंग राहू दे ताई, आधी ओल बघा.' पश्चिमेच्या भिंतीला खालून लोणा लागला होता, पांढरी पावडर, नखानं खरवडली की पोपडा हातात. समुद्राजवळच्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात हे व्हायचंच. तिथला गिलावा काढून नवा केला होता आणि काका तो महिनाभर सुकू द्या म्हणत होते. सिमेंटचा ताजा गिलावा जवळपास २८ दिवस तरी पाणी आणि क्षार सोडत राहतो, वर घाईनं इमल्शन मारलं तर ते फुगतं. क्षार परत आलाच तर गडद निळ्यावर तो भस्मासारखा उठून दिसतो, क्रीमवर लपतो.

जुना रंग खरवडताना मात्र काकांची पोरं तोंडाला काही न बांधता कोरडा पॉलिश पेपर घासत होती. मी तिथे जरा आवाज चढवला. घरातल्या रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ चा आणि लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः दारं-खिडक्यांच्या ऑइलपेंटमध्ये, काय असेल ते भिंतीला माहीत. रीसेलचं घर असेल तर पेपर ओला करून घासा, मास्क लावा, लहान मुलं आणि प्रेग्नंट बाई त्या दिवशी दुसरीकडे. पोरांनी रुमाल बांधले. एक थर निघाला पिस्ता, त्याच्याखाली गुलाबी, आणि अगदी तळाशी, पहिल्या मालकानं लावलेला, आकाशी.

'बघ,' निळोबा म्हणाला.

आता खरी गोष्ट. हॉलची एक भिंत बेजबाईनं 'फीचर वॉल' म्हणून राखून ठेवली होती. तीन भिंती बेज आणि चौथी गेरूच्या रंगाची, त्यावर पांढऱ्यात वारली डिझाइन. स्टेन्सिल तिनं मागवलंसुद्धा होतं. तिला वाटत होतं नवरा खूश होईल. त्याच्या माणसांची कला, त्याच्या गावची माती. तिनं मोठ्या उत्साहानं स्टेन्सिलचा कागद उलगडून भिंतीला धरला. चौकोनी नक्षीदार चौकट, आजूबाजूला झाडं, नाचणारी माणसं.

तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, 'हा चौक आहे.'

'हो, छान आहे ना?'

'चौक लग्नात काढतात. लग्नाशिवाय नाही. आणि यात देवी कुठंय? नुसती चौकट आहे.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वारली चित्र म्हणजे आपल्याला मग, कुर्ता, कोस्टर आणि एअरपोर्टची भिंत आठवते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर त्याची मूळ जागा होती घरातली आतली भिंत आणि निमित्त होतं लग्न. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, वरून गेरू. तांदळाच्या पिठीचा पांढरा रंग, टोक चावून ब्रश केलेली बांबूची काडी. काढायच्या सवाशिणी, चौकात पालघट देवी, आणि लग्न लावायला धवलेरी. घरात खिडक्या नसल्यासारख्याच. त्या अंधारात तांबड्या भिंतीवरची ती पांढरी रेघच तेवढी उजेड धरून ठेवायची. पुढे सत्तरच्या दशकात हे चित्र कागदावर आलं. ज्यांच्यामुळे ते जगभर पोचलं ते जिव्या सोमा म्हसे मूळ तलासरी तालुक्यातल्या धामणगावचे, राहायचे डहाणूजवळ गंजाडला. बायकांनी लग्नापुरतं काढायचं चित्र त्यांनी, एका पुरुषानं, रोज काढायला घेतलं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या कापडावरच्या चित्रांतही मागची जमीन शेण-मातीचीच असायची.

बेजबाईला यातलं बरंच माहीत होतं. ती वाचते. तिला माहीत नव्हतं ते निळोबानं तेव्हा सांगितलं, आणि माझ्यासमोर सांगितलं याचं मलाच अवघडल्यासारखं झालं.

'तुला मातीचा रंग उबदार वाटतो. मला तो काम वाटतो. पावसात कूड भिजायचा, सारवण गळून पडायचं. दिवाळीआधी आई परत सगळं लिंपायची, मी शेण आणून द्यायचो. दहावीला होतो तेव्हा पाठीमागची भिंत पुस्तकांवर आली होती. पुस्तकं सुकवली, डाग राहिले. नंतर घरकुल मंजूर झालं. विटांची भिंत, सिमेंट. बाबा तलासरीच्या दुकानात रंग आणायला गेले. दुकानदारानं विचारलं कुठला, तर बाबा म्हणाले, जो मातीत मिळत नाही तो.'

तर आकाशी तिथून आला होता.

कुणी काही बोललं नाही. काकांनी शेडकार्ड मिटलं. ते मूळचे या भागातले नाहीत, पण तेही मान हलवत होते. मग त्यांच्याच तोंडून एक गोष्ट निघाली जी मला कुठल्याही डिझायनरनं सांगितली नव्हती. बेजबाईला ज्या शेड्स हव्यात त्या मशीनवर कशा बनतात माहीत आहे? पांढऱ्या बेसमध्ये पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड आणि थेंबभर काळा. हे ऑक्साइड म्हणजे लोखंडाचे गंज, आणि गेरू म्हणजे तरी काय, लाल मातीतलं तेच लोखंड. म्हणून ते टिकतात, उन्हानं लवकर उडत नाहीत, सिमेंटच्या क्षारानं मरत नाहीत. डब्यावर कॅपुचिनो लिहा नाहीतर डेझर्ट सँड, आत थोडी गेरूचीच भावंडं आहेत. निळ्याचं तसं नाही. जुन्या काळी दुर्मिळ, महाग. आता कारखान्यात बनतो म्हणून सगळ्यांना परवडतो. चांगल्या इमल्शनमधला निळा टिकतोही. निळोबा स्वतः केमिस्ट्रीवाला, त्याला हे ठाऊक होतं. 'म्हणजे मी लोखंडातून सुटून पिगमेंटमध्ये आलो,' तो म्हणाला आणि वातावरण जरा सैल झालं.

पण बेजबाई सहजासहजी सोडणारी नाही, म्हणून तर ती एचआरमध्ये आहे. तिनं विचारलं, 'मग तुझ्या बहिणीच्या लग्नात? तेव्हा घरकुल होतं ना? चौक कुठे काढला?'

त्यानं मोबाइलमध्ये फोटो शोधायला ५ मिनिटं घेतली. मी तो फोटो बघितला आहे. आकाशी डिस्टेंपरची भिंत, एका बाजूला कॅलेंडर, स्विचबोर्ड. आणि भिंतीच्या बरोबर मधे सवाशिणींनी गेरूचा एक मोठा चौकोन थापलेला, कडा वेड्यावाकड्या, निळ्यावर तांबडे ओघळ आलेले. त्या गेरूवर पांढरा चौक, आत देवी. डिस्टेंपरवर गेरू नीट धरत नाही, तो नंतर सुटतो. सुटला. 'आता नुसता डाग आहे,' तो म्हणाला. 'बाबा दोनदा म्हणाले वरून रंग मारू. आई मारू देत नाही.'

फोटो बघताना बेजबाईचे डोळे भरले होते की पुट्टीची धूळ गेली होती, विचारलं नाही. ती म्हणाली, 'म्हणजे आपल्या बेजवर पांढरं दिसलंच नसतं.' अगदी प्रॅक्टिकल मुद्दा, आणि खरा. क्रीम भिंतीवर तांदळाची पिठी दिसत नाही. गेरूवर दिसते, निळ्यावरही दिसते.

पुढचं काम सोपं होतं, निदान मला तरी तसं वाटलं. दोन बेज आणि दोन निळ्यांचे सॅम्पल डबे आणले. थेट भिंतीवर न लावता मोठ्या पुठ्ठ्यांवर प्रत्येकी दोन हात मारले, दोन बाय दोन फूट, म्हणजे खोलीभर फिरवता येतात. रंग ओला असताना फिकट दिसतो, सुकल्यावर उतरतो, त्यामुळे ओल्यावर जजमेंट नाही. शेडकार्डाच्या नखाएवढ्या चौकोनात जो रंग शांत वाटतो तो चारी भिंतींवर एकमेकांवर उजेड फेकून दुप्पट होतो, म्हणून आवडलेल्या शेडपेक्षा एक पायरी फिकट घ्यायची. मग ते पुठ्ठे एक अख्खा रविवार बघायचे. सकाळी ७ ला, दुपारी ३ ला, दिवे लागल्यावर, आणि दिवे लागायच्या जरा आधी. तिन्हीसांजेला डोळा गंमत करतो. उजेड कमी होत गेला की लाल-तपकिरी रंग काळवंडतात आणि निळे उलट उजळ वाटतात. पुर्किंये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं २०० वर्षांपूर्वी बागेतल्या फुलांवरून हे टिपलं होतं. डहाणूला संध्याकाळी लाइट गेले की त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बेजबाईचा मशरूम ७ वाजता भिंतीतून गायब झाला आणि निळोबाचा पुठ्ठा तसाच चमकत राहिला. तिनं स्वतः सांगितलं मला फोनवर, हे विशेष.

बेडरूमला राखाडी झाक असलेला निळा लागला आहे, ३००० च्या बल्बसकट. आकाशी नाही. तेवढं त्यानं सोडलं. हॉलच्या तीन भिंती बेज, पीच पोटाचा, चिकूला पुरून उरणारा. स्वयंपाकघराबद्दल भांडायला कुणात ताकद उरली नव्हती, तिथे पांढरा. स्टेन्सिल परत पाठवायची मुदत संपली होती, ते माळ्यावर आहे.

चौथी भिंत अजून प्रायमरवरच आहे. बेजबाईनं सासूबाईंना फोन करून विचारलं, की आमच्या हॉलला एक भिंत आहे, तिच्यावर काय करू? त्या म्हणाल्या, बघितल्याशिवाय कसं सांगू, भातकापणी झाली की येते. निळोबाला हे रात्री कळलं. तो काही बोलला नाही, फक्त सोफा त्या भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवला. रंगारीकाकांचा निरोप आहे की प्रायमर फार दिवस उघडा ठेवू नका, धूळ धरतो, आणि काय ते दिवाळीआधी कळवा, नंतर त्यांच्याकडे माणसं नसतात.